दुसऱ्याची फेरी

फोन बायकोने उचलला. पलीकडची मुलगी "सुतळीकाका आहेत का?" असे विचारत होती. "हे घर आहे बाळ, दुकान नाही," असे म्हणून ती फोन बंद करणार, तोच खुर्चीतून नवऱ्याचा हात पुढे आला.

"माझाच आहे तो," तो म्हणाला. चोरून खाताना सापडलेल्या मुलाचा असावा तसा त्याचा आवाज निघाला.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने हे नाव कधी ऐकले नव्हते. फोनवर भोंग्याची मुलगी होती. बाबांना साठ पूर्ण होत आहेत. त्यांना कळू न देता जुन्या मित्रांना बोलवायचे आहे. बाकी कोणाचाच ठावठिकाणा लागत नाही, तेव्हा तुम्ही तरी याच, आणि काकूंनाही आणा. तो "हो, हो" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर बायकोने विचारले, "कोण हे?"

"जुन्या ऑफिसातला मित्र. भोंगा."

"ऑफिसात माणसांना भोंगा आणि सुतळी म्हणायचे?"

"तरुण होतो गं तेव्हा."

यात खोटे म्हणावे असे फारसे नव्हते, आणि आजवर त्याने नेहमी एवढ्यावरच भागवले होते. लग्न ठरत असताना सासऱ्यांनी विचारले होते, काम कोणते करता. सासरे शाळामास्तर, नाकावर चष्मा, समोर टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग. "कागदपत्रांचं काम असतं," त्याने उत्तर दिले होते. कागदपत्रे खरोखरच असत. वकिलांची, आर्किटेक्टांची, छापखान्यांची ती पाकिटे पाठीवरच्या बॅगेत घालून तो सायकलवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवत असे. खांद्याच्या पट्ट्याला वायरलेस लटकलेला असे आणि त्यातून आत्याचा आवाज येई. आत्या म्हणजे कोणाची आत्या नव्हे. कंपनीच्या पोटमाळ्यावर बसून कोणी कुठे जायचे ते सांगणारी, सगळ्यांना सारख्याच मायेने फैलावर घेणारी बाई. उभ्या मोटारीचे दार कधी उघडेल, कोणत्या गटाराच्या जाळीत चाक अडकते, कोणत्या इमारतीचा पहारेकरी घामट माणसाला पुढच्या लिफ्टने जाऊ देत नाही आणि मागच्या दाराकडे बोट दाखवतो, हे सारे त्याच्या अंगात भिनलेले होते. पहिल्या दोन गोष्टींचा त्याला अभिमान होता. तिसरीमुळे तो सासऱ्यांसमोर "कागदपत्रांचं काम" असे म्हणाला होता.

पुढे मनगट मोडले, ब्रेक दाबता येईना, आणि ज्या कचेरीत तो पाकिटे पोचवत असे तिथेच त्याला नोंदणी विभागात चिकटवून घेतले गेले. लग्नाच्या आत खोट्याचे खरे झाले. ते काम त्याने निवृत्तीपर्यंत नेमाने केले, आणि सायकलीचा विषय घरात कधी निघाला नाही. मनगट जिन्यावरून पडल्यामुळे वाकडे झाले, असे बायकोला ठाऊक होते.

रविवारी संध्याकाळी दोघे बसने गेले. बायकोने भेट म्हणून घेतलेला शर्ट त्याच्या नेहमीच्या कापडी पिशवीत घातला होता. खांद्याला पिशवी आडवी अडकवायची सवय त्याची तेवढी सुटली नव्हती.

भोंग्याचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या भिंतीलगत मांडल्या होत्या आणि मधल्या टेबलावर केक होता. भोंग्याने दारातच त्याला पाहिले. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर भीतीसारखे काहीतरी येऊन गेले. मग त्याने मिठीच मारली.

"अरे सुतळ्या! मेल्या, किती गाठी पडल्यात तुला."

"आणि तुझा आवाज बसला."

"बसेल नाही तर काय. जावयासमोर ओरडता येत नाही." त्याने बायकोला हात जोडले. "या वहिनी. तुम्ही याला कसं सांभाळलंत याचं मला नवल वाटतं. आमच्यात हा सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जोरात. हवेचा झोत आला की आधी हा, मागून सायकल."

बायको हसली. मग तिचे हसू अर्ध्यावर थांबले. "सायकल?"

"काका, तुम्हीपण बाबांसारखेच कुरियर होतात ना?" मुलीने सरबताचा पेला पुढे करत विचारले. बोलताना तिचा चेहरा उजळलेला होता.

"हो," तो म्हणाला. "थोडे दिवस." त्याने बायकोकडे पाहिले नाही. ती आपल्याकडे पाहते आहे हे त्याला कानाच्या पाळीपाशी जाणवत होते.

केक कापून झाला. मुलीचा नवरा मागे रेलून म्हणाला, "चला सासरेबुवा, आता पुलाची गोष्ट."

"ती आता कशाला," भोंगा म्हणाला. "केक खा. बरा झालाय."

"बाबा, असं काय करता? दर वाढदिवसाला सांगता." मुलगी सुतळीच्या बायकोकडे वळली. "काकू, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे ना, ती या गोष्टीमुळे. लहानपणी रोज रात्री ही ऐकल्याशिवाय झोपायची नाही मी. आणि आज तर काका आहेत. त्यांनी तर ती घडताना पाहिली असेल."

सुतळीला कोणती गोष्ट ते तेव्हाच कळले. पुलाची गोष्ट एकच होती, आणि ती भोंग्याची नव्हती.

भोंगा काही वेळ केकच्या बशीकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुढे केला. "सुतळ्या, तुझी पिशवी दे जरा."

"हे काय आता, बाबा?"

"आमच्यात तशी रीत होती."

रीत अशी होती. दुपारी काम मंदावले की सगळे एका बँकेच्या मागच्या पायऱ्यांवर जमत आणि फेऱ्यांच्या गोष्टी निघत. पण स्वतःची फेरी स्वतः सांगायची नाही. तो हलकेपणा समजला जाई. ज्याने ती पाहिली असेल त्याने ती सांगायची. सांगणारा मालकाची बॅग मागून घेई, मांडीवर ठेवी आणि "मी" म्हणून सुरुवात करी. मी वळलो, मी पडलो, मला अडवले. बॅग कोणाची ते समोर दिसतच असे, त्यामुळे हा "मी" कोण याविषयी कोणालाही शंका नसे. मालक शेजारी बसून बुटांच्या नाड्या पाहत राही. भोंगा या कामात तरबेज होता. त्याने सांगितलेली फेरी मालकालाही नवी वाटे.

खोलीत ही रीत ठाऊक असलेली माणसे दोनच होती. सुतळीने पिशवी दिली. भोंग्याने ती मांडीवर नीट ठेवली, तिच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि घसा साफ केला.

"त्या दिवशी वारा असा होता की कबुतरंसुद्धा पायी चालत होती. पुलावर एक ट्रक आडवा झाला, म्हणून पूल गाड्यांना बंद. आणि नेमकी आत्या वायरलेसवर. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात एक लहान मुलगी टेबलावर घेतलीय, तिचे एक्स-रे इकडच्या दवाखान्यात राहिलेत, कोण जातं? कोणी बोलेना. मी म्हणालो, मी जातो. आत्या म्हणाली, मेलास तर मला तोंड दाखवू नकोस.

"एक्स-रेचं पाकीट एवढं मोठं." त्याने दोन्ही हात पसरले. "बॅगेत मावेना. मी ते सुतळीनं पाठीला बांधलं. माझ्याकडे कायम सुतळी असायची. पुलाच्या मध्यावर वाऱ्यानं त्या पाकिटाचं शीड केलं. सायकल एकीकडे, मी दुसरीकडे. आता पडताना माणूस काय करतो? पाठीवर पडतो. पाठीवर पडलो असतो तर फिल्मचा चुरा झाला असता. म्हणून मी हवेतच वळलो आणि या हातावर पडलो. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. पुढचं चाक तर पापडासारखं वाकडं. सायकल तिथेच टाकली, आणि उरलेला पूल एका हातानं कठडा धरून धावत सुटलो."

भोंग्याने स्वतःचे डावे मनगट वर धरले. ते सरळ होते. रीतीप्रमाणे सुतळीची नजर खाली पायांकडे जायला हवी होती. ती त्या मनगटावर खिळून राहिली.

"हॉस्पिटलात डॉक्टर दारातच उभे. पाकीट घेतलं, उघडलं, एकही फिल्म वाकलेली नाही. माझी पाठ थोपटली त्यांनी. म्हणाले, आधी या माणसाचा हात बघा."

"तिथेच लगेच प्लास्टर घातलं," मुलगी म्हणाली, "म्हणून तर बाबांचा हात इतका छान जुळलाय. आमच्याकडे आलेल्या पेशंटना मी नेहमी सांगते, वेळेवर बसवलं तर कळतही नाही मोडला होता म्हणून. हो ना, काका? असंच झालं ना?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. भोंगा मात्र पिशवीकडे पाहत होता. तिचा पट्टा त्याने मुठीत आवळून धरला होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. आयुष्यात कोणासमोर मांडावी अशी सुतळीपाशी ही एकच गोष्ट होती, आणि त्याने ती कधीच मांडली नव्हती. ती इथे, परक्यांच्या घरात, एका मुलीला रोज झोपवत होती.

"हो," तो म्हणाला. "अगदी असंच झालं."

त्याने डाव्या हाताची बाही खाली ओढली. शेजारच्या खुर्चीवर बायकोने केकचा तुकडा तोंडात घातला आणि फार वेळ चावला.

निघण्यापूर्वी भोंग्याने त्याला गॅलरीत ओढले. वाळत घातलेल्या कपड्यांमागे दोघे उभे राहिले.

"शिव्या दे," भोंगा म्हणाला.

"कशाला?"

"पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती एवढीशी होती. ताप होता तिला, झोपत नव्हती. आता घरात तुझी बॅग कुठून आणू? आपल्या सवयीनं मी 'मी' म्हणून सुरुवात केली, आणि ती माझ्या मांडीवर चढून बसली. मग खाली कशी उतरवू, सांग. हॉस्पिटलच्या आतलं तर मी पाहिलंच नव्हतं, मी तुझी सायकल उचलत होतो पुलावर. ते आपलं मीच रचलं. मोठी झाल्यावर म्हणाली, तुमचा हात तर सरळ आहे. मग गोष्टीत प्लास्टर घातलं." तो थांबला. "आत्ता आत जाऊन सांगतो. तू म्हण फक्त."

"नर्स झाली ना ती?"

"झाली."

"मग राहू दे."

भोंग्याने डोळे पुसले नाहीत, पण वाळत घातलेल्या टॉवेलच्या आड तोंड नेले. "तसं तुझ्या घरी माहीत असणारच म्हणा. वहिनींना खरं काय ते ठाऊक आहे, म्हणून मी पिशवी मागितली. म्हटलं, निदान त्यांना तरी दिसू दे."

सुतळी दोरीवरचा चिमटा चाचपू लागला.

"नाही?" भोंग्याने विचारले. "तिला माहीत नाही?"

"स्वतःची फेरी स्वतः कशी सांगू? तू कधी आमच्याकडे आला नाहीस."

"तू कधी बोलावलंस?" भोंगा हे रागाने म्हणाला नाही. "लग्न ठरलं असं कानावर आलं, तेव्हा सगळ्यांनी पैसे काढून तुला भेट घेतली होती. पायऱ्यांवर बसून आम्ही बुटांना पॉलिश करत होतो, सुतळ्या. आत्यानं नवी साडी घेतली. बोलावणं आलंच नाही."

भेट काय होती, हे विचारायचा धीर सुतळीला झाला नाही.

परतीच्या बसमध्ये एकच जागा रिकामी होती. बायको बसली, तिने पिशवी त्याच्याकडून घेऊन मांडीवर ठेवली, आणि तो तिच्यासमोर दांड्याला धरून उभा राहिला. उजव्या हातात तिकिटे होती, म्हणून दांडा डाव्या हाताने धरला होता. बाही आपोआप खाली घसरली. वाकडे मनगट तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि बस चालत होती तोवर ते तिथेच राहणार होते.

"जिन्यावरून पडलात म्हणाला होतात."

"हो."

"कोणत्या जिन्यावरून?"

त्याने मुठीतली तिकिटे अंगठ्याने चुरगाळली.

"सुतळी त्यांच्याजवळ नसायची," ती म्हणाली. "सुतळी तुमच्याजवळ असते. आजही तुमच्या कपाटात गुंडा आहे. आणि वळून हातावर पडायचं, हे त्या माणसाला सुचण्यासारखं नाही. तो पाठीवरच पडला असता." ती खिडकीबाहेर पाहू लागली. "माझ्या नवऱ्याची गोष्ट मला लोकांच्या घरी बसून ऐकावी लागली. तीही केक खात. आणि तुम्ही म्हणता, अगदी असंच झालं."

"त्या मुलीसमोर काय बोलणार?"

"तिच्यासमोर नका बोलू. तिचं राहू दे, तिच्या बापाचं तो बघेल. माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं?" आणि जरा वेळाने, "पिशवी कशाला मागितली त्यांनी?"

त्याने रीत सांगितली. पायऱ्या, बॅग, मांडी, "मी". सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावे लागले. ऐकून झाल्यावर तिने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले. शर्ट तिकडे राहिला होता. पिशवी रिकामी आणि चपटी होती.

"म्हणजे आत्ता मी सांगायची," ती म्हणाली.

"गर्दी आहे गं."

"हळू सांगते." तिने पिशवीच्या कडा जुळवल्या. "मी पूल ओलांडला. माझा हात लोंबत होता. मी हॉस्पिटलात शिरलो, पाकीट दिलं." ती थांबली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हिशेब जुळत नसला की तिच्या कपाळावर अशीच आठी येई. "पण मग मी हॉस्पिटलातच होतो. डॉक्टर तिथे, प्लास्टर तिथे. माझा हात तिथेच का नाही बसवून घेतला?"

बस वळली. त्याने दांडा घट्ट धरला.

"नर्सनं बाकावर बसायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर येतात म्हणाली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुझा दादा बसला होता."

"आमचा दादा?"

"वहिनी तिथेच बाळंत होणार होत्या. तुमच्या घरी महिन्यापूर्वीच मला पाहिलं होतं त्यानं, इस्त्रीच्या शर्टात. त्या दिवशी मी चिखलानं माखलेला, छातीवर कंपनीचा नंबर. त्यानं ओळखलं नाही. उठला, आपली जागा मला दिली. म्हणाला, नीट बसा, हात वाईट दिसतोय तुमचा." त्याने दांड्यावरची पकड बदलली. "मी म्हणालो, नको साहेब. आणि मागच्या दारानं निघून गेलो. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात गेलो असतो, पण तिथेही कोणी असेल असं वाटलं. एका तालीमवाल्यानं बांधून दिला. तो असा बसला."

शेजारचा प्रवासी उतरला, तिने जागा राखण्यासाठी हात ठेवला नाही, आणि दुसरेच कोणी तिथे बसले.

"दादानं घरी सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला आठवतंय. एक सायकलवाला आला होता म्हणाला, कोणाच्या तरी लेकरासाठी हात मोडून घेऊन. मी जागा दिली तर पळून गेला. बाबा त्याच्यावर चिडले. म्हणाले, जागा कसली देतोस, हाताला धरून डॉक्टरकडे न्यायचं होतंस. जेवले नाहीत नीट. नंतरही कधीतरी काढायचे. त्याचा हात कसा असेल, म्हणायचे." ती त्याच्या मनगटाकडे पाहत होती. "तुम्ही समोर बसलेले असायचात."

त्याला ते आठवले. सासरे एकदा वह्या तपासता तपासता असे काहीतरी म्हणाले होते, आणि त्याने टेबलाखाली हात नेला होता.

बायकोने पिशवी पुन्हा सरळ केली. तिचा आवाज आता त्या "मी"साठी पुरेना, तरी तिने तो लावला.

"ते म्हणाले, नीट बसा," ती म्हणाली. "मी म्हणालो, नको साहेब."

तिथे ती थांबली. रीतीप्रमाणे मालकाने आता बुटांच्या नाड्या पाहायच्या होत्या. त्याने मान खाली घातली. पायांत चपला होत्या.